सुईत दोरा : एका अर्धवट चित्राच्या नोंदी

गुरुवार, १ ऑगस्ट

चित्र मावशीच्या फोटोवरून काढतेय. ते असं : खिडकीशी जमिनीवर बसलेली साठीची बाई. उजवा पाय आडवा दुमडलेला, डावा गुडघा उभा, मांडीवर उसवलेलं लाल पांघरूण, आणि ती सुईत दोरा ओवतेय. खिडकी चित्राच्या डाव्या बाजूला, थोडी मागे. कॅनव्हास ३००० बाय ४००० पिक्सेल, काम क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये. आजवर अकरा तास झाले. त्यातले सहा एकट्या चेहऱ्यावर गेले, कारण मला चेहरे आवडतात. बाकी अंगाला सपाट रंग, हातांच्या जागी दोन बटाटे, मागची भिंत म्हणजे एकच तपकिरी फटकारा.

परवा गटात दाखवायचं ठरवलंय. आम्ही पाच-सहा जण शनिवारी स्क्रीन शेअर करून एकमेकांची कामं बघतो. मागच्या खेपेला मी चित्र पुरं करून दाखवलं होतं. सगळे ‘छान’ म्हणाले आणि एकीने हळूच सांगितलं की कोपर चुकीच्या जागी आहे. तोवर सगळे लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले सुटे थर, एकत्र करून झाले होते. त्या कोपराला नंतर मी आठवडाभर नुसत्या शिव्या घातल्या. म्हणून या वेळी कच्चं असतानाच.

‘कसं वाटतंय?’ असं विचारलं की उत्तर ‘छान’ येतं, हे पक्कं झालंय. म्हणून तीन गोष्टी लिहून ठेवल्या. नजर पहिल्यांदा कुठे जाते? ती खरंच जमिनीवर बसलेली वाटते का? आणि हातांबद्दल बोलू नका, ते व्हायचेत हे मला माहीत आहे.

शुक्रवार, २ ऑगस्ट

दाखवण्यापुरती लहान प्रत काढली, लांब बाजू १६०० पिक्सेल. काढण्याआधी हातांवर मल्टिप्लायचा एक लेयर टाकून ते जरा अंधारात ढकलले. कुणाच्या लक्षात येणार नाही असं वाटतंय.

शनिवार, ३ ऑगस्ट

पहिलं वाक्य ॲनिमेशनवालीचं : “हात का लपवलेस गं?”

आमचा नियम असा की पहिली दहा मिनिटं चित्र काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, फक्त लिहायचं. नियम माझ्याच सूचनेवरून झालेला, म्हणून मोडताही येत नाही. बोललेलं जसंच्या तसं उतरवतेय :

नजर पहिल्यांदा गुडघ्यावर जाते. (दोघांनी सांगितलं. मला वाटत होतं चेहऱ्यावर जाते. सहा तास!)

डोकं लहान आहे.

तो पाय तिचा नाही, कुण्या तरुण पैलवानाचा आहे.

बसलीय खरी, पण बूड टेकलेलं नाही. आत्ता घसरेल.

ती सुईकडे बघत नाहीये, सुईच्या पलीकडे कुठेतरी बघतेय.

कातडीला राख फासल्यासारखी दिसते. (पोर्ट्रेटवाली ताई. ती असं बोलते आणि लगेच “पण चेहरा गोड झालाय हं” असंही म्हणते. दुसऱ्या वाक्यावर विसंबू नये.)

“ताई, मागून निळी रिमलाइट मारा, एकदम उठेल.” हा गेमवाला. रिमलाइट म्हणजे मागून येऊन नुसत्या कडा उजळणारा उजेड. तो भाज्यांच्या टोपलीलाही निळी रिमलाइट मारेल.

शिल्पकार सर शेवटपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, “फोटो कुठे उभं राहून काढलास?”

मी म्हटलं, “खोलीतच, सर.”

“खोलीत कुठे?”

यावर काय बोलावं ते कळेना. मी हसले, तेही हसले, आणि वेळ संपली. वहीच्या कडेला लिहून ठेवलंय : ‘खोलीत कुठे?’

रविवार, ४ ऑगस्ट

यादी समोर ठेवून एकेक दुरुस्ती केली. डोकं निवडून ट्रान्सफॉर्मने मोठं केलं. मग मान बारीक दिसायला लागली म्हणून मान जाड केली. मग खांदे अरुंद वाटले. पाय लिक्विफायने (चित्र मेणासारखं ढकलता येतं ते हत्यार) आत ढकलला तर पोटरी शेंगेसारखी वाकली. प्रत्येक दुरुस्तीला दोन पोरं होत होती.

क्रिटात एम दाबलं की कॅनव्हास आरशात बघितल्यासारखा उलटा दिसतो. लिओनार्दोने चित्रकारांना सपाट आरशात आपलं काम बघायला सांगितलं होतं, तीच युक्ती, फक्त आरशाचा खर्च वाचतो. उलटं केल्यावर बाई सरळ उजवीकडे कलंडलेली दिसली. म्हणजे ‘घसरेल’ म्हणणारा खरंच बोलत होता.

डोक्याच्या मापाने मोजलं. उभा माणूस साधारण साडेसात डोकी भरतो, आदर्श म्हणून काढायचा तर आठ. बसलेल्याचं बुडापासून टाळूपर्यंतचं अंतर जवळपास चार डोकी, आणि पाठ वाकलेली असेल तर त्याहून कमी. माझी बाई वाकलेली असून साडेचार भरत होती. आज डोकं वाढवल्यावर ती चारवर आली. मापाने जवळपास बरोबर, बघायला चूक. मापाने चूक नि बघायला बरोबर असतं तर एक वेळ चाललं असतं. फ्रेंच चित्रकार आँग्रच्या १८१४ सालच्या ‘ग्रांद ओदालिस्क’मधल्या बाईच्या पाठीत तीन मणके जास्त आहेत अशी टीका तेव्हा झाली होती, आणि ती पाठ अजून लूव्हरमध्ये डौलात पहुडलेली आहे. पण आँग्रने ती मुद्दाम तशी काढली होती. मला तो बचाव नाही.

मंगळवार, ६ ऑगस्ट

ॲनिमेशनवालीने न मागता पेंटओव्हर पाठवला. माझ्याच चित्रावर वरून लाल रेषेने काढून दाखवलंय, आणि थोडं रंगवलंयही. रेषा अशी मारते की हेवा वाटावा.

तिने पाठीची एकच रेषा बदलली आणि बाई धप्पकन जमिनीवर बसली. कारण तिने लिहिलंय तेही पटण्यासारखं आहे : खुर्चीवर ताठ बसलं की कमरेत खोलगट बाक राहतो. जमिनीवर बसलं की कंबरेचं हाड मागे लोळतं, तो बाक जवळजवळ सपाट होतो आणि सगळी पाठ एका कमानीत येते. मी खुर्चीवरची पाठ काढून खालची खुर्ची काढून घेतली होती. मग घसरणार नाही तर काय.

पण पुढे तिने चेहराही ‘जरा नीट’ केलाय. गालांची हाडं वर, पापण्या लांब, ओठ भरलेले. बाई पस्तिशीची झाली. सुंदर झाली, आणि आपली राहिली नाही. पेंटओव्हरचा हा धोका मला नेहमीच वाटतो. दुसऱ्याच्या हाताचं सफाईदार काम आपल्या कच्च्या कामावर ठेवलं की आपण आपलं मोजायचं सोडून त्याचं गिरवायला लागतो. म्हणून ती प्रत तीस टक्के ओपॅसिटीवर, म्हणजे खालचं दिसेल इतकी फिकट करून, वर ठेवली, पाठीची रेषा माझ्या हाताने पुन्हा काढली, आणि लगेच तो लेयर उडवला. तिला कळवलं : पाठ घेतली, चेहरा परत करतेय. तिचा हसरा चेहरा आला.

गुरुवार, ८ ऑगस्ट

आज व्हॅल्यू. म्हणजे रंग बाजूला ठेवून नुसता उजळपणा-काळोख.

पहिल्यांदा हे मी डोळे किलकिले करून बघितलं होतं आणि एकदा सगळं राखाडी करूनही. दोन्हीकडे ठीक वाटलं. मग ताईंना राख कशी दिसली? त्यांना विचारलं, तर त्यांचा पहिलाच प्रश्न : “राखाडी कशाने केलंस?”

इथे माझी जुनी सवय उघडी पडली. मी डिसॅच्युरेट करते, तेही लाइटनेस पद्धतीने. ती पद्धत लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा घेऊन त्यांची सरासरी काढते. डोळ्याचा त्यात विचारच नाही. तिच्या हिशेबाने झगझगीत पिवळा आणि तितकाच झगझगीत निळा एकाच राखाडीचे निघतात. डोळ्याला तसं कधीच दिसत नाही. डोळ्याच्या जवळ जाणारी पद्धत ल्युमिनॉसिटीची. तीत हिरव्याला ०.७१५२ वजन, लालला ०.२१२६ आणि निळ्याला जेमतेम ०.०७२२.

माझेच दोन रंग घालून बघितले. पांघरुणाचा लाल २००, ४०, ३०. सावलीतल्या कातडीचा १२०, ७८, ६०. लाइटनेसने लाल ११५ आणि कातडी ९०, म्हणजे पांघरूण उजळ. ल्युमिनॉसिटीने लाल ७३ आणि कातडी ८६, म्हणजे कातडी उजळ. क्रमच उलटा! पांघरूण उजळ आहे या समजुतीवर मी त्याच्या शेजारची कातडी काळा मिसळून आणखी खाली नेत होते, आणि काळा मिसळला की रंगातला जीव जातो. ही ती राख.

आता सगळ्यात वर एक राखाडी भरलेला लेयर, ब्लेंडिंग मोड कलर, म्हणजे खालचा रंग जातो नि उजळपणा तेवढा उरतो. हवा तेव्हा त्या लेयरचा डोळा उघडायचा नि मिटायचा. सावलीतला काळा काढून तिथे लालसर तपकिरी घातला. उजेड जिथे सावलीत शिरतो त्या पट्ट्यात रंग थोडा जास्त भरला. सावळ्या कातडीला हे फार मानवतं.

शनिवार, १० ऑगस्ट

दुसरी बैठक वाईट गेली.

“डोकं आता मोठं वाटतंय.” मागच्या शनिवारी लहान म्हणणाराच हा. पाय ‘आता लुळा’. पाठ मात्र सगळ्यांना आवडली. नजर अजूनही चुकीची. हात मी या वेळी पुरे केले होते, अगदी नखांसकट, आणि त्याबद्दल तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या : बोटं लांब आहेत, मनगट मोडलंय, चिमूट फार घट्ट आहे. तिघांनी आपापल्या परीने बोटं काढून दाखवली. तिघांची वेगळी, एकही माझ्या चित्रात बसेना.

चिडले होते, ते आवाजात आलं असणार. म्हटलं, “फोटोत आहे तसंच काढलंय मी, मापं घेऊन.”

सर म्हणाले, “मी विचारलं होतं ते राहिलंच.” मग त्यांनी सगळ्यांना दोन्ही मुठी वर करायला लावल्या. एक मूठ डोळ्यापासून वीतभर, दुसरी हात ताठ करून लांब. एक डोळा मिटा. जवळची मूठ लांबच्या मुठीला गिळून टाकते. “आता दोन्ही लांब न्या, एक थोडी पुढे, एक थोडी मागे.” दोन्ही मुठी मुठीएवढ्या झाल्या.

“तुझ्या बाईचा गुडघा पहिल्या मुठीच्या जागी आहे,” ते म्हणाले. “तू तिच्या अंगावर उभी आहेस.”

रविवार, ११ ऑगस्ट

मूळ फोटो उघडला. मावशी बसली होती आणि तिच्यासमोर कपाट असल्याने मला मागे सरकायला जागा नव्हती. मी उकिडवी बसून फोनने फोटो काढला होता. अंदाजे गुडघा लेन्सपासून ६० सेंटिमीटरवर, डोकं ११० वर. म्हणजे डोक्याच्या तुलनेत गुडघा खऱ्यापेक्षा सुमारे १.८ पट मोठा पडणार. तीन मीटर मागे गेले असते तर गुडघा ३६० वर, डोकं ४१० वर, आणि फरक जेमतेम १.१४ पट.

फोनची मुख्य लेन्स रुंद असते म्हणून असं होतं हा माझा समज. तोही अर्धाच खरा. रुंद लेन्समुळे आपण जवळ जातो, आणि जवळ गेल्यामुळे यथादर्शन, म्हणजे जवळचं मोठं नि लांबचं लहान दिसणं, ताणलं जातं. लांब उभं राहून झूम केलं तर नुसतं कापलं जातं, प्रमाण तेच राहतं.

डोकं लहान, पाय पैलवानाचा, नजर आधी गुडघ्यावर. तीन तक्रारी, तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलेल्या, आणि मी आठवडाभर तीन वेगळी मलमं लावत बसले. जागा तिघांनीही बरोबर दाखवली होती. पण माझा डोळा जागा बघण्याऐवजी मला लगेच सुचलेल्या उपायाकडे गेला : ‘डोकं मोठं कर’, ‘पाय बारीक कर’. फोटो मात्र कुणी बघायला मागितला नाही, आणि मीही दाखवला नाही. पुढच्या वेळेपासून मूळ फोटो चित्राच्या शेजारी ठेवायचा.

हाताचं काय ते मात्र यातून सुटत नाही. हात डोक्यापेक्षा लेन्सच्या जवळ होते, मोठे पडणारच. पण चिमूट घट्ट का वाटावी?

बुधवार, १४ ऑगस्ट

मावशीकडे जाऊन पुन्हा फोटो. कपाट सरकवलं, दार उघडं ठेवून बाहेरच्या खोलीतून काढले. चार मीटर, २ पट झूम. मावशी म्हणाली, “एवढ्या लांबून काय दिसणार तुला?”

ती मागच्यासारखी बसली, गुडघा वर, दोन्ही हातांच्या चिमटी नाकासमोर. आणि मला आठवलं की मागच्या वेळी चिमटीत काहीच नव्हतं. मी तिला ‘सुई धरल्यासारखं कर’ म्हटलं होतं आणि तिने शहाण्यासारखं केलं होतं. चिमूट घट्ट होती कारण हवा धरायला जोर लागतो, सुई धरायला लागत नाही.

मग खरी सुई दिली, खरा दोरा दिला, आणि म्हटलं, “ओव.”

पुढची पाच मिनिटं मी फोटो काढायचंही विसरले होते.

पहिली गोष्ट, तिने हात नाकासमोरून काढले आणि थेट पुढे, खिडकीकडे नेले. चाळिशी दुसऱ्या खोलीत होती. ती नसली की या वयात जवळचं दिसत नाही, सुई जितकी लांब तितकं भोक स्पष्ट. मी तिशीतली, मी सुई नाकाशी धरते, म्हणून मी तिलाही तशी धरायला लावली होती. हात लांब गेल्याबरोबर हनुवटी वर आली, मान मागे गेली, डोळे बारीक झाले, तोंड किंचित उघडलं. हाच तो ‘सुईच्या पलीकडे बघतेय’चा घोळ. सुई तिला दिसतच नव्हती, म्हणजे दिसण्याच्या अंतरावर नव्हती. बुबुळं दोन पिक्सेल इकडे-तिकडे सरकवून ते सुटणार नव्हतं.

दुसरी गोष्ट गुडघ्याची. गुडघा वर हवा हे मी ठरवलं होतं, कारण रचनेत त्रिकोण चांगला दिसतो. खरी सुई आल्यावर तिने डाव्या हाताचं कोपर त्या गुडघ्यावर रोवलं. हात थरथरू नये म्हणून. गुडघ्याला काम मिळालं! मागच्या फोटोत तो नुसता उभा होता, रिकामा, म्हणून तर नजर त्याच्यावर अडखळत होती.

तिसरी अगदी लहान. सुई डाव्या हातात, दोरा उजव्या, आणि दोन्ही हातांच्या करंगळ्या एकमेकींना टेकलेल्या. एक हात हलला तर दुसराही त्याच्याबरोबर हलावा म्हणून. तिला विचारलं, तर तिला ठाऊकच नव्हतं. “असं करते का मी?” म्हणाली, आणि करंगळ्या सोडून बघितल्या. दोरा चुकला.

दोऱ्याचं टोक तिने ओठांत धरून ओलं केलं, बोटांनी पिळलं, चपटं केलं. तीन वेळा हुकलं. चौथ्यांदा गेलं. ४३ फोटो आहेत. हुकलेले जास्त चांगले आलेत.

शनिवार, १७ ऑगस्ट

आज फक्त पाच लहान कच्ची रेखाटनं दाखवली, प्रत्येक तळहाताएवढं, आणि शेजारी मूळ फोटो. जुन्या चित्रावर बोलायला बंदी घातली.

चौथं सगळ्यांनी निवडलं, मीही तेच मनात धरलं होतं. याचा अर्थ सहा तासांचा चेहरा गेला, कारण हनुवटी वर आली की नाकपुड्या दिसतात, कपाळ आखूड होतं, सगळंच नव्याने. ताई म्हणाल्या, “पुसू नकोस, लपव.” लपवला. दर थोड्या वेळाने तो लेयर उघडून बघते आणि परत बंद करते, ही गोष्ट इथे लिहून ठेवायला हरकत नाही.

मंगळवार, २० ऑगस्ट

रविवार नि सोमवार रात्री जागून नवा चेहरा रंगवला. आज सकाळी उघडला तर बाई थंडीने काकडल्यासारखी, गालांवर निळसर छटा. वाटलं फाईल बिघडली.

बिघडलं होतं डोकं. संध्याकाळनंतर स्क्रीन आपोआप पिवळट करणारा फिल्टर चालू होता. पिवळट स्क्रीनवर माझे रंग मला फार उबदार वाटत होते, म्हणून मी ते थंड करत गेले. फिल्टर उतरल्यावर थंडीच उरली. कलर बॅलन्सने अर्धं सावरलं. पण फिल्टरआधीचे नि नंतरचे फटकारे एकाच लेयरवर असल्याने गाल सुधारला की कपाळ बिघडतं. कपाळ पुन्हा.

गुरुवार, २२ ऑगस्ट

हात. आता हे मजेचं काम आहे.

खिडकी मागे असल्याने बोटं उजेडासमोर येतात. बोट मध्यावर जाड आहे, तिथे उजेड अडतो. कडेला मांस पातळ, तिथून उजेड आत शिरून तांबडा होऊन बाहेर येतो. चित्रकार हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. १९४५-४६ मधलं ते जलरंग, दिवा घेतलेल्या बाईचं. ज्योतीवर आडोसा धरलेल्या हाताची बोटं त्यात निखाऱ्यासारखी तापलेली दिसतात. जलरंगात कागद पांढरा राखून जे साधायचं ते मी लेयर उघडझाप करून साधतेय, याची थोडी लाज वाटते.

पण दिव्याइतकं लाल करून चालत नाही. तिथे दिवा बोटांच्या वीतभरही लांब नाही, इथे खिडकीचा पसरट उजेड आहे. पहिल्या फटक्यात मी इतकं लाल केलं की मावशीने टॉर्च गिळल्यासारखं दिसलं. शेवटी लाल फक्त दोन जागी ठेवला : तर्जनीच्या वरच्या कडेला, आणि दोन करंगळ्या टेकतात त्या फटीत. ती फट चार पिक्सेलची आहे. हात तिथे जुळले.

एजचाही, म्हणजे कडांचाही, एक धडा. सगळं एअरब्रशने मऊ केलं की हात साबणाचे होतात. उजेडाकडची बोटांची कड कडक ठेवली, तळव्याची कड सावलीत विरून जाऊ दिली. मनगट आणि बाही यांच्यामध्ये रेषाच नाही.

शनिवार, २४ ऑगस्ट

तिसरी बैठक. फोटो शेजारी होता, प्रश्न एकच विचारला : नजर कुठून कुठे जाते? चौघांचं उत्तर चेहरा, मग हात, मग गुडघा. पैलवानाबद्दल कुणी बोललं नाही. डोकं लहान आहे की मोठं, हेही कुणी बोललं नाही.

गेमवाल्याने परत रिमलाइट काढली. मी नाही म्हटलं, खिडकी एकच आहे. तो म्हणाला, “बरं, मग हे तरी ऐका.” त्याने चित्र बोटाच्या पेराएवढं लहान करून दाखवलं. “इतक्या लहानात कळत नाही ती काय करतेय. दोरा भोकाला लागलेला आहे ना, म्हणून. दोघांत जागा सोडा.” मी दोरा ओवला जातानाचा क्षण धरला होता. त्याचं म्हणणं, न ओवलेला धरा. आजवर त्याच्या सूचनांवर मी मनातल्या मनात हसत आलेय, त्यातले काही हसू परत घ्यावेत म्हणते.

ॲनिमेशनवालीला ते पटलं नाही. जागा सोडली तर दोरा नि सुई दोन सुट्या काड्या दिसतील म्हणाली. पंधरा मिनिटं वाद. मी दोन्ही करून बघेन म्हटलं.

सर उजव्या पावलाकडे बघत होते. दुमडलेल्या पायाचं पाऊल पांघरुणाखालून अर्धं बाहेर आलंय. “हे कुठून आणलंस?”

अंदाजाने, मी म्हटलं. सगळ्या ४३ फोटोंत ते पांघरुणाखाली आहे.

“दिसतंय,” म्हणाले.

सोमवार, २६ ऑगस्ट

दोन्ही करून बघितलं. लागलेला दोरा : काम झालंय, बाई आता शिवायला लागेल, बघायचं संपलं. वीस पिक्सेल जागा सोडली : काड्याच दिसतात, ॲनिमेशनवाली बरोबर. मग ४० सोडली, आणि दोऱ्याचं ओलं टोक किंचित खाली वाकवलं, हुकलेल्या तिसऱ्या फोटोतल्यासारखं. आता त्या रिकाम्या जागेकडे बघताना माझाच श्वास अडकतो. तिचं उघडं तोंड आणि ती जागा एकमेकांशी बोलायला लागली. दोरा दोन पिक्सेल जाड, टोकाला एक.

उरलेलं : भिंत, पांघरुणाची उसवलेली शिवण, उजवं पाऊल. भिंत तपकिरीच ठेवावी असं वाटायला लागलंय.

मावशीला फोन केला, की परत बसावं लागेल.

“आता काय राहिलं?”

“पाऊल.”

“पाऊलच ना? मग या वेळी सुई आणू नकोस. डोळे दुखले होते दोन दिवस.”

बुधवारी सकाळी, उजेड खिडकीत असताना. चार मीटर. पांघरूण गुडघ्यापर्यंत वर.